फळ्याची डावी बाजू

ताट वाढून झालं. ह्यांनी पाण्याचा घोट घेतला, पहिला घास तोंडात घातला. मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. प्रश्न यायचा होता. दुसरा घास झाला, तिसरा झाला, तरी आला नाही.

"आज काही नाही का?" मी विचारलं.

ते खाली बघून जेवत राहिले. मीही मग बसले. त्या दिवशी आमच्या घरात भांड्यांचा तेवढा आवाज झाला.

हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात जो प्रश्न टाकायचा, तो आदल्या संध्याकाळी जेवताना मला विचारायचा, अशी त्यांची रीत होती. लग्नानंतर काही वर्षांनी सुरू झालेली ती रीत आजारपणातही मोडली नव्हती. सुरुवातीला मला वाटायचं, हे माझी थट्टा करतात. मी शाळेचं तोंड बघितलेलं नव्हतं. एकदा चिडून म्हणालेही, की अडाणी बाईला कसले प्रश्न विचारता, तुमच्या शिकलेल्या पोरांना विचारा.

"त्यांना विचारणारच आहे," ते म्हणाले. "पण तुझं उत्तर कुणाचं ऐकून आलेलं नसतं. ते तुझं असतं."

एकदा त्यांनी विचारलं, खोलीची दारं-खिडक्या बंद केल्या आणि फ्रिजचं दार सताड उघडं टाकलं, तर खोली गार होईल का? मी म्हणाले, होणारच, यात विचारण्यासारखं काय आहे. ते खूश होऊन हात धुवायला उठले. मला वाटलं, बरोबर आलं.

पुढे काही महिन्यांनी दोन मुलं घरी पुस्तक न्यायला आली. त्यातला एक मला म्हणाला, "काकू, तुमच्या फ्रिजच्या उत्तराच्या बाजूने मी तास संपेपर्यंत भांडलो. पार तोंडघशी पाडलंत की मला."

तेव्हा मला कळलं, की माझी उत्तरं वर्गात जातात. हे फळ्यावर उभी रेघ मारायचे. उजवी बाजू त्यांची. डावी बाजू वर्गाची. डावीकडे सगळ्यात वर 'घरचं उत्तर' म्हणून माझं असायचं आणि त्याखाली मुलांची. ज्याचं त्याचं नाव घालून. चूक की बरोबर, हे सांगायचेच नाहीत. म्हणायचे, "चला, याच वाटेने जाऊन बघू, कुठे पोहोचतो." धरा की खोली गार झाली. मग फ्रिजच्या मागची जाळी गरम का लागते? ती ऊब गेली कुठे? असं करत करत ते त्या उत्तराचं बोट धरून चालत, आणि कुठेतरी भिंत आली की उत्तर आपणच थांबायचं. मग ते उत्तर देणाऱ्याकडे बघून मान तुकवायचे. तू होतास म्हणून इथवर आलो, असं म्हणायचे. तास संपेपर्यंत डावी बाजू पुसायची नाही, हा नियम.

मला अक्षरं शिकवली तीसुद्धा त्यांनी तशीच. मुलगा शिकून दूर गेला, घर रिकामं झालं, तेव्हा चाळिशी उलटल्यावर मी पाटी हातात घेतली. मी वेडंवाकडं काढलेलं अक्षर त्यांनी कधी खोडलं नाही. शेजारी आपलं काढायचे आणि विचारायचे, "आता सांग, या दोघांचं भांडण कशावरून आहे?" हसत हसत शिकले मी.

एकदाच मी त्यांचा वर्ग बघितला. ते डबा विसरले होते, म्हणून द्यायला गेले आणि मागच्या दाराशी उभी राहिले. बाकांवर दाटीवाटी. एक मुलगा भांडायच्या भरात बाकावर गुडघा टेकून उभा. दुसरा मागून ओरडत होता, "सर, माझं अजून डावीकडे आलं नाही!" चुकण्यासाठी एवढी घाई मी कुठे बघितली नाही. शेजारच्या वर्गातून एकसुरी आवाज येत होता. तिथले सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून लिहून द्यायचे आणि घंटेच्या ठोक्याला शेवटचा पूर्णविराम द्यायचे. मुलं त्यांना घड्याळमास्तर म्हणत. त्यांच्या वर्गात एक जण चौघांची हजेरी लावायचा. पण खोटं कशाला बोलू, अभ्यासक्रम त्यांचा वेळेत संपायचा आणि पोरं पासही व्हायची. ह्यांचा कधीच वेळेत संपला नाही. शेवटचे दोन धडे दरवर्षी सुट्टीच्या दिवशी जादा तास घेऊन उरकायचे, आणि त्यालाही मुलं यायची.

तर त्या संध्याकाळी प्रश्न आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला आधी वाटलं, कॉलेजात काही बिनसलं असेल. मग एकदा दूध उतू जात होतं, मी आतून हाका मारत होते, आणि हे गॅसपासून हाताच्या अंतरावर पाठ करून पेपर वाचत होते.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की एक कान बराच आधी गेलाय, दुसराही चाललाय. समोर बसून बोललं, ओठ दिसले, तर यांना कळेल. लांबचं, मागचं, हळू बोललेलं आता कळणार नाही. कानाला लावायचं यंत्र दिलं. ते लावून हे वर्गात गेले आणि दुपारी घरी येऊन त्यांनी ते कपाटाच्या खणात टाकलं. म्हणाले, "पंखा, बाकं, बाहेरचा रस्ता, सगळं एकदम कानात ओरडतं. पोरं तेवढी त्यात सापडत नाहीत."

मी म्हटलं, मग वर्गाला सांगून टाका. मोठ्याने बोला म्हणावं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना भीती होती, की कळलं तर वर्ग काढून घेतील आणि निवृत्तीपर्यंतचं हे शेवटचं वर्ष ऑफिसात कागद लावत बसवतील. पण खरं कारण ते नव्हतं. ते त्यांनी नंतर सांगितलं.

"बरोबर उत्तर पोरं मोठ्याने देतात गं. चुकीचं असेल अशी शंका आली की आवाज खाली जातो. ते खालच्या आवाजातलंच मला लागायचं. आता एखादीला तेच तीनदा बोलायला लावू? चारचौघांत? पुन्हा तोंड उघडणार नाही ती."

म्हणून प्रश्न टाकायचंच त्यांनी सोडलं आणि ते लिहून देऊ लागले. तासभर फळ्याकडे तोंड करून. डावी बाजूही त्यांच्याच अक्षरांनी भरायची. आणि माझ्याकडून वचन घेतलं, की कुणापाशी याचा एक शब्द काढायचा नाही. मी दिलं.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण सर' असं सुरू व्हायचं, म्हणून हे तिला पणताई म्हणायचे. वर्ष सुरू झालं तेव्हा रोज तिच्याच गोष्टी. आज पणताईने चांगलंच पेचात पकडलं, आज पणताईमुळे अर्धा तास रानात फिरलो, पण काय रान होतं! ती सकाळी शिंप्याच्या कारखान्यात काज-बटणाला बसायची आणि दुपारी कॉलेजात यायची. वडील नव्हते. घरी आई आणि लहान भाऊ. आईचं म्हणणं, शिकून शेवटी बटणंच लावायची ना?

ती एका दुपारी घरी आली. हे मधल्या खोलीत खिडकीपाशी, दाराकडे पाठ करून वाचत बसले होते. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं. तिच्या बोटांच्या टोकांना सुईचे काळे ठिपके होते. चहाचा कप तिने दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "काकू, सर माझ्यावर रागावलेत का?"

मी म्हटलं, "नाही गं, तुझ्यावर कशाला रागावतील?"

मग तिने सगळं सांगितलं. तिने वर्गात प्रश्न विचारला. सरांनी पाठ वळवली आणि लिहीत राहिले. तिने पुन्हा विचारला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर मागची पोरं हसली, तशी ती खाली बसली. त्यानंतर तिने हात वर केला नाही. आता वर्गात कुणीच करत नाही. निम्मे येतच नाहीत. येतात तेही एकमेकांच्या वह्या उतरवतात. पोरं म्हणतात, सरांना आता घरचे वेध लागलेत, घड्याळमास्तर क्रमांक दोन झालेत.

"कारखान्यातला शेठ पूर्ण दिवस ये म्हणतोय," ती म्हणाली. "मी आईशी भांडून भांडून टिकले होते, काकू. दिवसभर सुई टोचून घ्यायची आणि दुपारी वाटायचं, एक जागा आहे जिथे माझं चुकलेलंसुद्धा कुणीतरी नाव घालून लिहून ठेवतं. माझा प्रश्न इतका वाईट होता का?"

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. पण वचन दिलेलं. हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. मी उठले, तिचा हात धरला आणि तिला मधल्या खोलीच्या दारात आणून उभी केली.

"अहो," मी हाक मारली.

हे पान उलटत होते.

"अहो," मी मोठ्याने म्हणाले. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

"अहो!"

त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुढची ओळ वाचायला लागले.

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या पाठीकडे. "सर," ती अगदी हळू म्हणाली. मग तिने तोंडावर ओढणी धरली आणि चपला हातात घेऊन जिन्यावरून खाली गेली. ह्यांना कळलंसुद्धा नाही, की कुणी येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते ह्यांनीच मला नंतर तुकड्या-तुकड्याने सांगितलं. हे फळ्यावर लिहीत होते. मागे वळले तर पणताई शेजारी उभी. तिने त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. डाव्या बाजूचं त्यांचं लिहिलेलं ओढणीने पुसलं. वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारली आणि आपला प्रश्न लिहिला. हे रेघेकडे बघत राहिले. मग बाकांकडे बघितलं, आणि त्यांना कळलं, की आता सगळ्यांना कळलंय.

घरी आले ते चपला न काढता खुर्चीत बसले. "सांगितलंस तू," म्हणाले.

मी माळ्यावरून माझी जुनी पाटी काढली. ओठांवरून कळलं असतं त्यांना, पण मला ते उत्तर लिहून द्यायचं होतं. मी लिहिलं, 'तोंडाने नाही.'

त्यांनी वाचलं. ओठांचा एक कोपरा हलला. हसू म्हणायला तेवढंच.

भीती होती तसं काही झालं नाही. कॉलेजने वर्ग काढून घेतला नाही. वर्ग उलट भरला. गळालेली सगळी मुलं परत आली. एकमेकांना दटावून गप्प बसू लागली. प्रश्न टाकला की एकेक जण शिस्तीत पुढे यायचा, डाव्या बाजूला उत्तर लिहायचा, वाकून खडू ठेवायचा. मला वाटलं, सुटलो. मी पहिल्या दिवशी गोड काहीतरी केलंसुद्धा.

ह्यांनी ते चाखलं आणि बाजूला सारलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"सगळी बरोबर," ते म्हणाले.

मला समजेना. बरोबर उत्तरं आली तर यात तोंड पाडायचं काय? ते सांगू लागले. कान गेल्यापासून त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना कळत नसे, त्यामुळे घरातही ते वर्गात बोलल्यासारखे मोठ्याने बोलायचे. म्हणाले, मुलं आदल्या दिवशी पुस्तकात शोधून येतात. एकमेकांत वाटून घेतात. स्वच्छ अक्षरात लिहितात. सरांना त्रास नको, सरांचं वर्ष नीट जावं. पणताईसुद्धा तसंच करते. तिच्या लिहिण्यात आता 'पण' येत नाही.

"त्यांना माझी दया आलीय गं. ज्याची दया येते, त्याच्यापुढे कुणी चुकत नाही."

त्या रात्री त्यांनी मला फार दिवसांनी प्रश्न विचारला. भांडं पाण्याने काठोकाठ भरलंय, वर बर्फाचा खडा तरंगतोय. बर्फ वितळला तर पाणी सांडेल का? माझा जीव हलला. मी पाटी ओढली आणि लिहिलं, 'सांडेल.'

ते पाटीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"मुलगा शाळेत होता तेव्हा विचारला होता तुला हा," ते म्हणाले. "तेव्हा तू खरी चुकली होतीस. दुसऱ्या दिवशी भांडं मांडून स्वतः बघत बसली होतीस, पाणी सांडत नाही म्हणून बर्फाला शिव्या घातल्या होत्यास. तुला उत्तर माहीत आहे."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"तूसुद्धा," ते म्हणाले, आणि पाटी आपल्या बाहीने पुसून टाकली. नवरा-बायकोत मोठमोठी भांडणं झाली आमची, पण त्या पुसण्याएवढं मला कधी लागलं नाही.

निरोपाच्या दिवशी मुलांनी फुलं आणली. मला पुढच्या बाकावर बसवलं. फळ्यावर उभी रेघ होती आणि डावीकडे मुलांनी रंगीत खडूंनी ह्यांच्याबद्दल चांगलं चांगलं लिहिलं होतं. घड्याळमास्तर दोन शब्द बोलले. हे ओठ बघून मान हलवत होते. शेवटी ह्यांनी फळा पुसायचा बोळा उचलला, डाव्या बाजूपाशी गेले, थांबले, आणि तसाच खाली ठेवला. पणताई मागे भिंतीला टेकून उभी होती. तिने एकदाही वर बघितलं नाही.

त्यानंतर दुसरा कानही गेला, नुसत्या ओठांवरून त्यांना पुरतं कळेना, आणि घरात पाटी रोजच्या वापरात आली. मी लिहायची: 'चहा?' 'दार वाजतंय.' 'मुलाचा फोन होता, बरा आहे.' ते वाचायचे, मान हलवायचे, मी पुसायची. प्रश्न विचारत नसत. खिडकीपाशी बसायचे. त्यांचा वर्ग घड्याळमास्तरांकडे गेला, असं कुणीतरी सांगून गेलं.

कॉलेजचं नवीन वर्ष सुरू होऊन बरेच दिवस झाले असतील, एका संध्याकाळी पणताई आली. कारखान्यातून थेट आली होती, केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेले. ह्यांच्या समोर स्टूल घेऊन बसली, आणि पाटीवर लिहून सांगितलं, की तिने पूर्ण दिवसाचं काम धरलंय. कॉलेज सोडलं.

"आणि परीक्षा?" ह्यांनी विचारलं.

'बाहेरून देईन,' तिने लिहिलं.

बाहेरून देईन म्हणून गेलेली किती मुलं परीक्षेला बसतात, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तिलाही असावं, कारण लिहून झाल्यावर तिने ते स्वतःच पुसलं. मी चहा ठेवायला उठले. मला वाटलं, आता हे उपदेश करतील, नाहीतर तोंड फिरवतील.

त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. हातात एक जाड बांगडी होती.

"तुमच्या कोटाला लागतं तसं एक मोठं बटण घे," ते म्हणाले. "भरीव. आणि ही बांगडी. दोघांचं वजन सारखं धर. फळी तिरकी लावली आणि दोन्ही एकदम गडगडत सोडली. आधी खाली कोण पोहोचेल?"

ती बांगडी फिरवत राहिली. दयेचा विचार करायलाही तिला वेळ मिळाला नसावा. दिवसभराची दमलेली, परीक्षा गेलेली, पुस्तक जवळ नाही. कपाळाला आठी घालून तिने पाटी गुडघ्यावर घेतली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि त्यांच्यापुढे धरली.

'दोन्ही एकदम. वजन सारखं, उतार सारखा. पण सर, बांगडी मधे पोकळ आहे, त्याने काही होतं का?'

ह्यांनी चष्मा लावून वाचलं. उत्तर मला येत नव्हतं, तरी त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की चुकलंय. इतका उजळलेला चेहरा मी वर्षभरात बघितला नव्हता.

"चल," ते म्हणाले, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "याच वाटेने जाऊन बघू."

त्यांनी पाटीवर तिच्या उत्तराच्या उजवीकडे उभी रेघ मारली. चहा गार झाला. मी पुन्हा तापवला नाही. अंधार पडल्यावर ती उठली, जिन्यात थांबून तिने डोळे पुसले, सकाळी लवकर पोहोचायचं असतं म्हणाली, आणि गेली. त्यानंतर ती आली नाही.

हे दारापर्यंत जाऊन परत येऊन बसले. पाटी त्यांच्या मांडीवर होती. तिचं उत्तर तसंच होतं, डाव्या बाजूला.

जेवायची वेळ झाली होती. विचारायचं तर पाटी हातात घ्यावी लागली असती, आणि पुसावी लागली असती. मी वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, आणि हाताचा घास करून तोंडाशी नेला.